शेवटच्या चारांत

"बरोबरी झाली तरी आपण घरीच की," शिवयोगी म्हणाला. "रेल्वेवाले आत जातेत. त्यांचे गोल जास्त हायत."

"बरोबरीचं नाव काढू नको बे," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "मल्लू असताना बरोबरी कशाला?"

सामना सुरू व्हायला थोडा वेळ होता. बाळीवेस पेठेची मंडळी मैदानाच्या कडेला दोरीला चिकटून उभी होती. शहराच्या फुटबॉल लीगमधला हा त्यांचा शेवटचा सामना. गिरणीच्या संघाला हरवलं तर बाळीवेस शेवटच्या चारांत, नाहीतर वर्षभर रेल्वेवाल्यांची टिंगल ऐकायची. मेमधल्या रेल्वेच्या संपात त्यांचे निम्मे खेळाडू तुरुंगात जाऊन आले होते, तरी हे रेल्वेवाले वरच्या वरच. सिद्धलिंगप्पाला ते फार झोंबायचं.

त्याचं कापडाचं दुकान होतं, पण लीग लागली की ते नावापुरतं. संघात त्याला काही पद नव्हतं. तरी बूट तोच आणायचा, मध्यंतराला लिंबं तोच कापायचा आणि कोण खेळणार हेही तोच ठरवायचा. ज्याला त्याला वाटायचं, हा गेला तर संघ मोडेल. त्याला स्वतःलाही तसंच वाटायचं.

"आज जगदेवीला आणायला माढ्याला जाणार होता न्हवं?" शिवयोगीनं डिवचलं. "वहिनी काय म्हनल्या?"

"शांतम्मा रोजच म्हनती. सातवा लागलाय, पहिली खेप हाय, पोरीला माहेरी आना. आनतो की! लीग संपू दे. माढा काय पळून चाललंय?"

मल्लिकार्जुन समोर बुटांच्या नाड्या आवळत होता. पोरगा हातमागावर बसायचा आणि संध्याकाळी मैदानात वाऱ्यासारखा पळायचा. त्याची आई चंद्रव्वा महिनाभर सरकारी दवाखान्यात पडून होती. मागच्या आठवड्यात त्यानं तिला रक्त दिलं आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांच्या संघावर दोन गोल चढवले. असलं रक्त गावात शोधून सापडत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सिद्धलिंगप्पा ते बाजारभर सांगत फिरला. जसं काही ते त्याचंच रक्त होतं.

तेवढ्यात खाकी कपड्यांतला एक माणूस धापा टाकत दोरीपाशी आला. दवाखान्यातला शिपाई, नाव धुळा.

"मल्लिकार्जुन कोन हाय हितं? डाक्टरसायबांनी धाडलंय."

सिद्धलिंगप्पानं त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. "मी त्याचा काकाच समज. बोल."

"लगीच बलावलंय. बाई लई शिरीयस हाय..."

"कळलं. पुढं बोलू नको," सिद्धलिंगप्पा म्हणाला.

आपल्याकडे 'गेली' असा निरोप कोणी आणत नाही. 'जास्त आहे' म्हणायचं, 'सिरीयस आहे' म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं ओळखायचं. निरोप्याला खोदून विचारणं म्हणजे त्याच्या तोंडून अभद्र वदवून घेणं. सिद्धलिंगप्पानं स्वतः असे चार-पाच निरोप पोचवले होते. त्यातलं एकही माणूस निरोपाच्या वेळी जिवंत नव्हतं.

"पन सायेब म्हनले, आत्ताच्या आत्ता..."

"व्हय बाबा. तू हो पुढं. मल्लू निघालाय म्हणून सांग."

धुळ्याचा जीव भांड्यात पडला. तो आला तसा पळत गेला.

शिवयोगीचा चेहरा उतरला होता. "अप्पा, पोराला सांगायला पायजे."

"सांगतो की. खेळ झाल्यावर. मेलेल्या माणसाला कसली घाई? आत्ता सांगितलं तर म्हातारीही परत येत न्हाय आणि सामनाही जातो."

बोलणं वाईट होतं, पण चोख होतं. शिवयोगी मैदानाकडे वळला. शिट्टी वाजली.

गिरणीवाले चिवट निघाले. मध्यंतरापर्यंत गोल नाही. सिद्धलिंगप्पानं मल्लूच्या हातात लिंबाची फोड ठेवली आणि त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. खेळ संपत आला तेव्हा मल्लूनं तिघांना चकवून चेंडू जाळ्यात धाडला. बाळीवेशीनं टोप्या उडवल्या. बाळीवेस शेवटच्या चारांत! सिद्धलिंगप्पा ढसढसा रडला. त्यातलं थोडं रडणं चंद्रव्वासाठीही होतं.

मग त्यानं पोरांच्या खांद्यावरून उतरलेल्या मल्लूला जवळ घेतलं.

"दवाखान्यातून निरोप आलाय. आई लई सिरीयस हाय."

मल्लू काही विचारायच्या भानगडीत पडला नाही. तसाच बुटांनिशी फाटकाकडे निघाला. शिवयोगीला क्रियाकर्मासाठी मठातल्या स्वामींना कळवायला पिटाळून सिद्धलिंगप्पानं टांगा केला. वाटेत तो पोराची पाठ थोपटत राहिला. सगळं मी बघतो, तू काळजी करू नको, म्हणाला. अंत्ययात्रेला सगळा संघ आणायचं त्यानं मनात पक्कं केलं.

वॉर्डात चंद्रव्वा खाटेवर बसून चहात पाव बुडवून खात होती.

"अव्वा!" मल्लूनं तिच्या कमरेला मिठी मारली.

"काय झालं रं? हरला का?"

सिद्धलिंगप्पा आधी थिजला, मग हसत सुटला. "सिद्धरामेश्वरा!" म्हणत त्यानं आपल्याच थोबाडीत मारून घेतल्या. एवढं हलकं त्याला गोल झाल्यावरही वाटलं नव्हतं.

"डाक्टर तुलाच हुडकत होते रं," चंद्रव्वा पोराला म्हणाली. "मला न्हवं, पलीकडं बाळंतिणीच्या खोलीत कुनाला तरी तुझं रगत पायजे होतं. लई ओरडत होती बिचारी. आता मघापासनं आवाज न्हाय."

कोण आहे बघावं म्हणून सिद्धलिंगप्पा व्हरांड्यात आला. टोकाच्या खोलीबाहेर शांतम्मा भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. शेजारी, पोरीला माढ्याहून घेऊन आलेले व्याही खाली मान घालून उभे होते. नवऱ्याला पाहून ती उठली नाही.

"रक्त देणारा निघालाय म्हणून निरोप आला हो," ती म्हणाली. "म्हणून जगदेवीसाठी दुसऱ्या कुणाला शोधलंच न्हाय."