जनरलचा कोट

"आज त्यांचं विमान चुकलंच पाहिजे," म्हणत जमिलाबाईंनी दाराला आतून कडी घातली. "कोट जाळून टाक. गणवेशाशिवाय ते मायदेशी पाऊल ठेवणार नाहीत."

इस्त्री हातात धरून शत्रुघ्न शिंपी नुसता उभा. कुठला कणकवलीचा माणूस, आखातातल्या शुवैखच्या दुकानातून राजदूताच्या बंगल्यावर कोटाला इस्त्री करून द्यायला आला काय आणि नको त्या लफड्यात पडला काय! राजदूत म्हणजे जनरल कमाल, जमिलाबाईंचे यजमान. तिकडे आफ्रिकेत, त्यांच्या देशात, गेल्या महिन्यात सैन्याने सरकार उलथवलं. उलथवणारे यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनीच आता जनरलना 'सल्लामसलती'ला बोलावलं होतं. यांच्याआधी असेच दोन राजदूत गेले होते. त्यांचा पत्ता नव्हता.

"बाईसाहेब, माझी नोकरी जाईल हो."

"त्यांचा जीव जाईल."

रवळनाथाचं नाव घेऊन त्याने तापलेली इस्त्री कोटाच्या छातीवर टेकवली. तीस वर्षांत त्याने कुणाचा रुमालसुद्धा जाळला नव्हता. करपट वास सुटला.

तेवढ्यात दार वाजलं. जमिलाबाईंनी कडी काढली. जनरलनी डाग पाहिला, मग बायकोकडे पाहिलं.

"चूक झाली, साहेब," शत्रुघ्न कसाबसा बोलला.

"आफिया तिथे आहे, जमिला," जनरल म्हणाले. "मी नाही गेलो तर ते आपल्या लेकीला उचलतील. कोट नसला तरी मी जाणार."

मग ते शत्रुघ्नकडे वळले. तरुणपणी पुण्याला, खडकवासल्यात शिकलेले, त्यामुळे मोडकीतोडकी हिंदी यायची. साधा सदरा आणि बनियन त्यांनी त्याच्यापुढे ठेवला.

"तुम्ही लोक कॉलरच्या आत गिऱ्हाइकाचं नाव घालता ना?"

"घालतो की. कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून."

"ह्यातही घाला. दोन्हींत. पाण्यात पडलं तरी जाणार नाही असं, दोऱ्याने."

"पण साहेब, तुमचे कपडे कोण बदलणार?"

"कोणी नाही." जनरलनी आवाज खाली आणला. "पोरीला मला ओळखायला त्रास पडू नये."

शत्रुघ्नने सुईत दोरा ओवायला घेतला. एकदा चुकला, दोनदा चुकला, चारदा चुकला. शेवटी जनरलनीच सुई मागून घेतली आणि त्याला दोरा ओवून दिला.