पेरलेला बांध

ढग डोंगरावर टेकला होता आणि कोरून कोरून केरबाचा बांध सुरीच्या पात्याएवढा उरला होता. तो फुटला की शेताची सगळी काळी माती ओढ्यात जाणार होती.

मृदजल मंडळाच्या शबाना मॅडम जिवंत बांधाचं बी घेऊन उभ्या होत्या. "घटकाभरात कंबरेएवढा होतो. पण बी मूळ जुन्या बांधाची माती ओळखून तिथंच उगवतं, आणि तीच हद्द धरतात. पेरू?"

केरबा पायानं ढेकूळ फोडू लागला. दर नांगरटीला तो बांध कोरत वीतभर पलीकडच्या रानात सरकला होता.

"भावजी, वाचा बसली का?" शेजारच्या चुलतवहिनी हिराबाई हसल्या.

ढग गडगडला.

"पेरा," केरबा कसाबसा म्हणाला.

बांध उगवला, तो हिराबाईंच्या तुरीत, चांगला दोन पावलं आत. वहिनींचं हसू विरलं. केरबानं पावलं मोजून पाहिली. वहिनी त्याच्याहून जास्त सरकल्या होत्या. इतकी वर्षं कोरूनही तो तोट्यातच होता.