नकाशातून गेलेली वाट

“ओटीपी आल्याशिवाय नकाशा उघडत नाही, काका,” काउंटरवरची तनुजा म्हणाली. “मोबाईल कुठंय तुमचा?”

“घरी, खुंटीला,” आप्पा म्हणाले.

मोबाईलवर त्यांचा भरवसाच नव्हता. दोन वर्षांमागं त्यांच्या धनगरवस्तीतल्या कुणीतरी डोंगरातल्या कुरणाचा फोटो धाडला आणि चार दिवसांत परमुलखातली मेंढरं तिथं उतरली. तेव्हा आप्पांनी बिरोबापुढं सगळ्या वस्तीला भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली: कुरणात जाताना मोबाईल घरी. तरी पोरांचा काय नेम? आप्पा रोज सकाळी वाटेच्या तोंडाशी उभे राहून एकेकाचे खिसे चाचपायचे. कुरण शाबूत राहिलं.

आज मात्र कुरण राहूनही उपयोग नव्हता. तिकडं जाणारी वाटच नकाशात नाही, असं गावातला शेतकरी शिवराज चावडीवर सांगत होता. वाट त्याच्या बांधाला लागून. कुंपणाचे खांब येऊन पडले होते. वाट अडली की चारा गेला, पाणी गेलं, आणि मग मेंढरं बाजारात उभी करायची.

तहसीलमध्ये साहेबांनी हात वर केले. नकाशे दाखवायचं काम आता कंपनीकडं, ती दाखवेल तो रस्ता. म्हणून देवगाव रंगारीहून पहिली एसटी धरून आप्पा शहरात, क्रांती चौकातल्या कंपनीच्या या गारेगार दुकानात आले होते. आपली दुभती म्हैस शेजाऱ्याच्या दावणीला बांधायची आणि दुधाला त्याच्याच दारात तांब्या घेऊन उभं राहायचं, त्यातली गत.

रांगेतल्या एका बाईनं दया येऊन आपला नंबर दिला. पडद्यावर गाव उघडलं. शाळा होती, मारुती होता, शिवराजची विहीरसुद्धा होती. धनगरवस्तीची वाट तेवढी नव्हती.



“माझ्या आज्याची मेंढरं ह्याच वाटंनं गेली, पोरी. आन् आता वाटच नाय?”

“पूर्वी असेल, काका. आता नाही दिसत.”

गोड बोलून गळा कापणारी माणसं आप्पांनी बाजारात पुष्कळ पाहिली होती. ते आणखी काही विचारणार, तोच आतल्या काचेच्या खोलीतून शिवराज बाहेर आला. हातात चहाचा कप, मागं मॅनेजर.

“आप्पा, तुम्ही इथं?”

“का, येऊ नाय का?”

“तसं नाय. माझी विहीर चुकीच्या जागी दाखवत होते, ती नीट करून घेतली.” शिवराजनं कप ठेवला आणि हसत पायऱ्या उतरून गेला.

चोर चोर मावसभाऊ. विहीर सरकवता येते, तर वाट पुसायला कितीसा वेळ लागतो? आप्पांचा राग अनावर झाला. त्यांनी काउंटरवर हात आपटला.

“खरं सांग. कुणाच्या सांगण्यावरनं पुसली? ह्याच्याच ना?”

“कुणाच्याच नाही, काका.” तनुजा घाबरली होती, पण तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. “आमचं माणूस गावात येतच नाही. लोकांच्या खिशातले मोबाईल जिथनं जातात, तिथं वाट आहे असं मशीनला कळतं. वर्षभर एकही मोबाईल गेला नाही, तर वाट मोडली असं धरून ते काढून टाकतं.”



“मघाशी आत विहीर नीट करताना मी शिवराजभाऊंना तेच विचारलं, वाट खरंच मोडलीय का म्हणून. ते म्हणाले, नाय, वस्तीची मेंढरं रोज जातात.” तिनं आवाज खाली आणला. “मग काका, एवढ्या माणसांत एकाच्याही खिशात मोबाईल नसतो, असं कसं?”

आप्पांनी काउंटरवरचा हात हळूच मागं घेतला. रोज सकाळी याच हातानं त्यांनी एकेकाचा खिसा चाचपला होता.