बोट कुठल्या ओळीवर?

"नुसतं 'वाटतं' म्हणू नका," बाई म्हणाल्या. "लेखिकेनं असं का केलं ते सांगा, आणि कशावरून म्हणताय त्या ओळीवर बोट ठेवा."

शेवटचा तास होता. बाईंचा घसा बसला होता आणि वर्ग पेंगत होता. फळ्यावर एकच प्रश्न: धड्यात आजी जाते तो प्रसंग लेखिकेनं इतका थोडक्यात का उरकला?

बोट ठेवायची ही रीत बाईंच्या वडिलांची. तेही मास्तर. घरात कुणी काही सांगितलं की अण्णा विचारायचे, कशावरून? त्यावर आई म्हणायची, ताट वाढलंय, एवढं तरी मानता का?

आईला जाऊन अजून दोन महिने झाले नव्हते. तेव्हा अण्णा खुब्याचं हाड मोडून घरी पडलेले. त्यांना हॉस्पिटलात जाता आलं नाही. आता रोज संध्याकाळी ते बाईंना विचारत, ती कशी गेली ते सांग. बाई सांगत. शांतपणे गेली, त्रास झाला नाही, तुमची आठवण काढली. अण्णा मान हलवत आणि ताट तसंच बाजूला सारत. अंगावर कपडे ढगळ व्हायला लागले होते. असंच चाललं तर यांचं काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

पहिल्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. दुःख फार झालं की शब्द सुचत नाहीत, म्हणून थोडक्यात. कुठल्या ओळीवरून, असं विचारल्यावर तो खाली बसला.

मग वकीलबाई उठली. हे नाव वर्गानं ठेवलेलं. तिनं हरकत घेतल्याशिवाय तास संपत नसे.

"लेखिका तिथे नव्हतीच, मॅडम."

"अगं, मी उशाशी बसले होते, असं लिहिलंय तिनं."

"लिहिलंय. पण आधीची पानं बघा. आजीच्या चष्म्याची दोरी, औषधाच्या चमच्यावरची मुंगी, सगळं दिसतं तिला. आणि इथे नुसतं शांत, समाधानी." तिनं बोट ठेवलं. "हे न बघताही लिहिता येतं. खरंच बसलेल्या माणसाला काहीतरी फालतू दिसलंच असतं."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"मुद्दाम गाळलं असेल तर?"

"मग मुंगी कशाला ठेवली असती?"

बाई त्या पानाकडे बघत राहिल्या. घंटा झाली तरी.

बाहेर पडताना वकीलबाई दारात थांबली. "मॅडम, तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय."

लावायचं राहिलंय, बाई म्हणाल्या. ही कामं आईची. जन्मभर तिनं लोकांचे कपडे शिवले.

बाई बसथांब्याकडे निघाल्या. गाडी आई गेल्यापासून दारात धूळ खात होती. अण्णांनी विचारलं की त्या म्हणत, बस बरी पडते.

घरी अण्णा खुर्चीत वाट बघत होते. पुढ्यात ताट, झाकलेलं. "सांग," ते म्हणाले.

बाई जवळ बसल्या. बोटं बाहीच्या बटणाशी चाळा करत होती.

"एक सांगायचं राहूनच गेलं, अण्णा. नर्स सलाईन बघायला आली, तिच्या बाहीचं बटण लोंबत होतं. आई म्हणाली, सुई असती तर आत्ता लावून दिलं असतं. मी म्हटलं, पडून राहा गप्प. तर म्हणते, तुझे अण्णाही असेच हिंडतील आता, बघ त्यांच्याकडे. आणि डोळे मिटले."

अण्णांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत, कळेना.

"तीच," ते म्हणाले. "तीच ती."

कशावरून, असं काही त्यांनी विचारलं नाही. ताटावरचं झाकण काढलं आणि सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवले.

बाई भांडी घेऊन उठल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडी दिसत होती. आई गेली तेव्हा त्या हॉस्पिटलच्या आवारात हीच गाडी लावायला जागा शोधत फिरत होत्या.