दोन आकड्यांचं विमान

यादीत तो आकडा नव्हता. बँडमास्तरांनी चष्मा पुसून यादी पुन्हा वाचली, मग मोबाइलवरचा मुलीचा मेसेज. सातशे बारा. दुपारच्या यादीत सातशे बारा नावालासुद्धा नव्हतं.

दोन हातांत दोन केशरी फळ्या घ्यायच्या आणि खुणा करत विमानं जागेवर आणून लावायची, हे त्यांचं काम. म्हणून विमानतळावर सगळे त्यांना बँडमास्तर म्हणत. शिकायला परदेशी गेलेली मुलगी आज परतत होती. सकाळची पाळी देऊन त्यांनी दुपारची मागून घेतली होती, ती एवढ्याचसाठी की तिचं विमान दुसऱ्या कुणी आत आणू नये. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

नियंत्रण कक्षात विचारलं, तर असलं विमान आपल्याकडे येतच नाही म्हणाले. मुलीचा फोन बंद. विमानात असेल तर बंदच असणार. पण विमानात नसेल तर? कुणी खोटं तिकीट तर गळ्यात मारलं नसेल? तेवढ्यात घरून फोन आला. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"उभा जन्म विमानतळावर काढलात," ती म्हणाली, "आणि आज एक विमान सापडेना?"

मी तिची गादी उन्हात टाकली आहे, आकड्याबिकड्यांचं तुमचं तुम्ही बघा, असं सांगून तिने फोन ठेवून दिला.

बँडमास्तरांच्या वाट्याला दोनशे तीस आलं होतं. ते धावपट्टीवर टेकलंसुद्धा. फळ्या काखेत मारून ते आपल्या जागी जाऊन उभे राहिले. बाजूला शिडीची गाडी तयार होती. ती चालवणाऱ्या बाईला सगळे शिडीताई म्हणत. त्यांचा चेहरा बघून शिडीताईने विचारलं, वाजवायच्या आधीच बँडमास्तर रुसले की काय. त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला.

तिने आकडा वाचला, लांबून वळत येणाऱ्या विमानाकडे पाहिलं आणि हसायलाच लागली.

"अहो, हेच की ते. यादीत विमानवाल्या कंपनीचा आकडा, पोरीच्या तिकिटावर तिकीट विकणाऱ्या कंपनीचा. या महिन्यापासून दोघींची भागीदारी आहे. उतरणाऱ्यांच्या हातातली तिकिटं बघते ना मी रोज. माहेरचं नाव एक, सासरचं एक. बाई तीच."

बँडमास्तर काहीतरी विचारणार होते, पण इंजिनांचा आवाज इतका वाढला की शिडीताईचे नुसते ओठ हलताना दिसले. त्यांनी फळ्या वर केल्या.

सरळ ये. थोडं डावीकडे. ये, ये. हळू.

खुणा रोजच्याच होत्या. अंगणात तीनचाकी सायकल चालवणाऱ्या मुलीला त्यांनी याच शिकवल्या होत्या. पुढचं चाक थांबायच्या रेषेवर आलं तसं त्यांनी डोक्यावर फळ्यांची फुली केली. विमान तसूभरही पुढे गेलं नाही. कॉकपिटच्या काचेआड वैमानिकाने मूठ वळून दाखवली: ब्रेक लावले.

शिडी लागली, दार उघडलं. उतरणाऱ्यांनी दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधूनच इमारतीकडे चालायचं, पट्टा ओलांडायचा नाही, हा नियम. बँडमास्तरांनी जागा सोडायची नाही, हाही नियमच. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन एक बाई उतरली, मागोमाग बरीच माणसं. आणि मग ती. केस आखूड केलेले, पाठीवर भलीमोठी सॅक. पायऱ्यांवरच थांबून तिने डोळ्यांवर हात धरला आणि इकडेतिकडे पाहिलं.

शेजारच्या विमानाची इंजिनं सुरू होती. हाक पोचली नसती. बँडमास्तरांनी फळ्या उचलल्या. सरळ ये.

ती हसली. पायऱ्या उतरून पट्ट्यांमधून चालू लागली. थोडं डावीकडे. ती वळली. ये, ये. ती अगदी पट्ट्याच्या काठाशी आली, तेव्हा कुठे त्यांना नियम आठवला. त्यांनी डोक्यावर फुली केली. थांब.

ही एक खूण तिने सायकलवरही कधी मानली नव्हती. पट्टा ओलांडून ती धावत आली आणि सॅकसकट त्यांच्या छातीवर आदळली. फळ्या डोक्यावर तशाच राहिल्या.

"बाबा, हात तरी खाली करा," ती म्हणाली. त्यांना ते सुचतच नव्हतं.

वर काचेआड वैमानिक कागद आवरत होता. त्याचं लक्ष खाली गेलं. अजून तशीच असलेली फुली त्याने पाहिली, आणि पुन्हा एकदा मूठ वळून दाखवली.