नदीकाठचं गवत

विमानयुद्धाच्या गेमसाठी त्याने एका जुन्या लढाईतलं शहर हुबेहूब उभं केलं आणि मोठ्या हौसेने वडिलांना दाखवायला बसला. त्या लढाईत ते बॉम्बफेकी विमान चालवायचे. पूल, स्टेशन, गिरणीची चिमणी... बाबा नुसती मान डोलवत होते. नदीकाठच्या हिरव्यागार मैदानाशी मात्र त्यांचं बोट थांबलं.

"इथली घरं कुठे गेली?"

"घरं? तेव्हाच्या हवाई फोटोत तर हा अख्खा पट्टा मोकळा आहे, बाबा. म्हणून मी आपलं गवत लावून टाकलं. चुकलं का?"

"नाही." बाबांनी बोट उचललं. "तो फोटो मीच काढलेला. बॉम्ब टाकून झाले की काढावा लागायचा, काम नीट झालंय का ते बघायला."