गळतीचं बघा की

आमचे हे जेवणाच्या टेबलावर सिंथेसायझर बनवतायत. आवाजाचं बटण पूर्ण बंद केलं तरी त्यातून बारीक गुणगुण झिरपायची. ह्यांच्या भाषेत, 'गळती'.

"अहो, त्या गळतीचं बघा की," मी स्वयंपाकघरातून सांगून सांगून थकले. उत्तर ठरलेलं, "अगं, तेच तर बघतोय!"

आज एकदाच्या सगळ्या वायरी धातूच्या जाळीत गुंडाळून झाल्या आणि ह्यांनी मला हाक मारली. "ये, थांबली गळती! आता ऐक, काही म्हणजे काही ऐकू येणार नाही."

ह्यांनी बटण बंद केलं. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. त्या शांततेत स्वयंपाकघरातला नळ स्पष्ट ऐकू आला. टप्... टप्...



"छ्या!" म्हणत ह्यांनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. "अजून कुठून तरी झिरपतंय."